टाचेवरचा थेंब आणि घरातली सुई

बाळ दोन दिवसांचे झाले की सिस्टर त्याची टाच कोमट फडक्याने ऊबदार करते, टाचेच्या कडेला बारीक टोचते आणि जाड कागदावरच्या वर्तुळाला रक्ताचा एकच थेंब टेकवते. थेंबावर थेंब घालायचा नसतो. कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत सुकवायचा असतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात नेमके हे सुकवणेच जिकिरीचे होते. ओलसर राहिलेला नमुना वाया जातो, बाळाला पुन्हा टोचावे लागते. गोवा सरकारने २००८ साली सरकारी रुग्णालयांत नवजात बालकांची ही तपासणी सुरू केली. राज्यपातळीवर असा कार्यक्रम हाती घेणाऱ्यांत गोवा अगदी पुढे होता. त्या श्रेयाचा मोठा वाटा मी प्रसूती वॉर्डातल्या परिचारिकांना देईन.

या थेंबात काय शोधतात? मुख्यतः जन्मजात थायरॉईडची कमतरता. अशी बाळे जन्मतः बहुधा निरोगीच दिसतात, कारण आईचे थायरॉईड संप्रेरक काही काळ त्यांना पुरते. पुढे बाळ फारसे रडत नाही, खूप झोपते, दूध सावकाश पिते, आणि घरातली थोरली माणसे कौतुकाने म्हणतात, ‘गुणाचे बाळ!’ लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, फुगलेली बेंबी ही लक्षणे ध्यानात येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात. क्यूबेकमध्ये जाँ दुसो यांनी १९७४ च्या सुमारास सुकलेल्या थेंबावरून हे निदान होऊ शकते हे दाखवले आणि चित्र पालटले. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉईड संप्रेरकाची गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा विकार आढळतो.

अहवाल आल्यावर सिस्टरचे दुसरे काम सुरू होते, ते म्हणजे बाळ शोधणे. बाळंतपणाला आई माहेरी आलेली असते. कार्डावर पत्ता डिचोलीच्या सासरचा आणि बाळ मात्र दोडामार्ग किंवा सावंतवाडीकडे. म्हणून जाणती सिस्टर माहेरचा आणि सासरचा, दोन्ही फोन लिहून घेते. गोळी चमच्यात कुस्करून आईच्या दुधात कशी द्यायची, लोह-कॅल्शियमचे औषध तिच्यापासून लांब का ठेवायचे, हेही तीच सांगते.

त्याच थेंबातून आणखी एक आजार पकडता येतो. त्यात मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतल्या दोषामुळे बाळाच्या अंगातले मीठ निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकाऱ्या सुरू होतात आणि हगवणीचा आजार समजून वेळ जातो. १९५० साली अमेरिकेत लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोनने या आजारावर उपचार करता येतो हे दाखवले. तेव्हापासून आईला एक गोष्ट शिकवणे हा शुश्रूषेचाच भाग झाला: ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा, आणि औषध पोटात टिकले नाही तर इंजेक्शनसाठी धावायचे.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण जुने आहे. पणजीची वैद्यकीय-शल्य शाळा १८४२ ची, आणि मुक्तीनंतर तिचेच गोवा मेडिकल कॉलेज झाले. तरी गावोगावचे बाळंतपण बराच काळ वयजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, हाती होते. तिच्या हातांना अनुभव होता, पण संप्रेरक मोजायचे साधन त्या काळी कुणापाशीच नव्हते.

संप्रेरकाचाच आजार असलेल्या मधुमेहाची गोष्ट याहून जुनी. सुश्रुतसंहितेत सहज, म्हणजे जन्मासोबत येणारा, आणि अपथ्यातून होणारा असे प्रमेहाचे (मधुमेहासारख्या विकारांचे) दोन प्रकार सांगितले आहेत; पहिल्यातला रोगी कृश आणि फार तहानलेला असतो. लहान मुलांच्या मधुमेहाशी हे वर्णन पुष्कळ जुळते. उपाय मात्र नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवत. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. औषध अशुद्ध असल्याने ते नीट लागू पडले नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेले औषध दिल्यावर मात्र साखर उतरली.

खरा प्रश्न त्यानंतरचा: हे औषध रोज टोचणार कोण? बॉस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनी ओळखले की रुग्णालय आयुष्यभर पुरणार नाही. त्यांनी परिचारिकांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवले. माझ्या मते या शुश्रूषेचा इतिहास तिथे वळला. तिथून सिस्टर शिक्षिका झाली आणि सुई आईच्या हातात गेली.

ती सुई हाताळणे सोपे नव्हते. काचेची सिरिंज रोज उकळायची, बोथट सुईला धार लावायची. साखर पाहायला परीक्षानळीत बेनेडिक्टचे द्रावण घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर काळजी, विटकरी झाला तर घाबरायची पाळी. बोटातल्या रक्ताची साखर घरी मोजणारे यंत्र १९८० च्या आसपास रुळू लागले. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १४४१ जणांच्या अभ्यासाने सिद्ध केले की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू वाचतात. त्या अभ्यासातल्या रुग्णांशी परिचारिका सतत संपर्क ठेवून होत्या, हे विसरून चालणार नाही.

इथल्या घरात हे शिकवणे म्हणजे शीत-कडीच्या ताटात शीत (भात) किती, सकाळची पेज किती, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, काय, हे आईसोबत बसून मोजणे. वीज वारंवार जात असेल तर इन्सुलिनची कुपी मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर ठेवायला सांगणे. शाळेत मूल अचानक घामाघूम झाले, थरथरू लागले तर आधी साखर द्या, मग फोन करा, हे बाईंना समजावणे. आणि एखादे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, पाणी घटाघट पिऊ लागले, बारीक होऊ लागले, तर ओरडू नका, त्याच दिवशी साखर तपासा, हे अंगणवाडीपर्यंत पोचवणे.

आणखी एक धोका. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधले १००. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. नारिंगी सिरिंजमध्ये कुपीतले औषध दहाच्या खुणेपर्यंत भरले तर मुलाला प्रत्यक्षात चारच युनिट मिळतात. म्हणून डिस्चार्जआधी घरातल्या निदान दोघांनी, आई आणि आजी किंवा बाबा, सिस्टरसमोर स्वतः टोपणाचा रंग मोठ्याने सांगून इंजेक्शन द्यायचे. हात थरथरला तर सिस्टर थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घेते.