‘संख्या हवी होती, मजकूर मिळाला’: फाइल नाकारली गेली तर काय करावं

आमचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी: नागपुरात कळमन्यातले अडतिये, इतवारीतले घाऊक किराणा व्यापारी, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले कारखानदार.

एक्सेलमधून किंवा पुरवठादाराकडून आलेली फाइल तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये चढवता आणि वर लाल पट्टी येते:

ओळ ४१२, रकाना ‘दर’: संख्या हवी होती, मजकूर मिळाला: ‘१,२५० रु.’

महिन्याचा हिशेब मिटवायचा असतो, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची ११ तारीख डोक्यावर असते आणि एका ओळीपायी अख्खी फाइल अडते. वैताग येणारच. ‘बाराशे पन्नासच आहे ना, घेऊन टाका’ असं बरेच ग्राहक फोनवर सांगतात. आम्ही ते का घेऊन टाकत नाही आणि अशा वेळी तुम्ही काय करायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे. (छपाईत आम्ही सगळे आकडे देवनागरीत दिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये ते बहुधा इंग्रजी असतील.)

आत काय चालतं

फाइल म्हणजे नुसती अक्षरांची रांग. ती वाचून तिच्यातून बिल, माल, खातं उभं करायचं, या कामाला प्रोग्रामर डीसिरिअलायझेशन म्हणतात. प्रत्येक रकान्यात काय यायला हवं हे आधीच ठरलेलं असतं: दर म्हणजे संख्या, नाव म्हणजे मजकूर, ‘जीएसटी लागू’ म्हणजे हो किंवा नाही. चलानवर तूरडाळ लिहिली आहे आणि पोत्यातून चणाडाळ निघाली, तर तुम्ही ते पोतं गोदामात रचत नाही, बाजूला काढता. सॉफ्टवेअरही तेच करतं.

एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत. त्यात प्रकार मोजून सहाच: मजकूर, संख्या, खरं-खोटं, रिकामं, यादी आणि नावं दिलेल्या रकान्यांचा गट. तारीख हा प्रकारच त्यात नाही, ती मजकूर म्हणूनच येते. म्हणून तर ‘०५/०४’ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे, हा घोळ सगळीकडे होतो. आमच्याकडे पाठवताना तारीख वर्षापासून लिहा: २०२५-०४-०५.

आता ‘१,२५०’ कडे वळू. तुमच्या-आमच्यासाठी ते बाराशे पन्नास. पण बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात जर्मन पुरवठादाराची सुट्या भागांची यादी आली, तर तिथे स्वल्पविराम हाच दशांशचिन्ह असतो. तिकडचं ‘१,२५०’ म्हणजे सव्वा. सॉफ्टवेअरने आपल्या मनाने ठरवलं तर दर हजारपट चुकेल, आणि लाल पट्टीही येणार नाही. चुकीचा आकडा खातेवहीत शिरला की तो तिथून बिलात जातो, बिलातून रिटर्नमध्ये, आणि मार्चअखेरीस तो शोधत बसण्याची वेळ तुमच्या मुनीमजींवर येते. दारात अडवलेली फाइल दहा मिनिटांत दुरुस्त होते. त्यामुळे इथे आम्ही सवलत देत नाही आणि देणारही नाही.

जिथे दुसरा अर्थच निघत नाही, तिथे मात्र अडवत नाही. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला ‘५००’ संगणकाच्या लेखी इंग्रजी आकड्यांपेक्षा वेगळी अक्षरं असतात. पायथन भाषेतला प्रोग्राम ते अंक संख्या म्हणून घेतो, रस्ट भाषेतली संख्या वाचायची नेहमीची सोय ते नाकारते. आमचं सॉफ्टवेअर ते बदलून घेतं आणि कोणत्या ओळीत बदल केला हे अहवालात लिहून ठेवतं.

मेसेज कसा वाचायचा

त्यात तीन गोष्टी असतात: कुठे, काय हवं होतं, काय मिळालं. ‘फाइल अवैध आहे’ एवढंच सांगणारं सॉफ्टवेअर ग्राहकाला अंधारात ठेवतं, असं आमचं ठाम मत आहे. ओळीचा क्रमांक एक्सेलमध्ये दिसतो तोच असतो, मथळ्याची ओळ धरून.

फाइल वाचण्याचा भाग आम्ही रस्टमधल्या सर्डे या लायब्ररीवर (म्हणजे तयार प्रोग्रामच्या संचावर) बांधला आहे. तिच्यात प्रकार चुकणं आणि किंमत चुकणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि हा फरक तुमच्याही कामाचा आहे. ‘संख्या हवी होती, मजकूर मिळाला’ असं आलं तर दोष बहुधा लिहिण्याच्या पद्धतीत असतो: ‘रु.’ काढा, स्वल्पविराम काढा, झालं. ‘महिना १ ते १२ हवा, १३ मिळाला’ असं आलं तर संख्या आली आहे, पण ती खरी असू शकत नाही. तेव्हा एक्सेलमध्ये खटपट न करता मूळ बिल काढून बघा.

दिसायला संख्या, असायला मजकूर

सगळ्यात जास्त फाइली इथेच अडतात. संत्र्याचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, ०८०५ ने सुरू होतो. एक्सेलमध्ये तो साध्या रकान्यात टाइप केला की उरतं ८०५. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२, त्याचाही शून्य असाच जातो. जेसनमध्ये तर संख्येच्या सुरुवातीला शून्य लिहायला परवानगीच नाही. बँकेच्या खाते क्रमांकाचं त्याहून वाईट: एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि मूळ अंक त्या फाइलमधून परत मिळत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. दोन किमतींची बेरीज केली तर काही अर्थ निघतो, दोन खाते क्रमांकांची केली तर निघत नाही. बेरजेला अर्थ नसेल तर तो मजकूर समजा. एक्सेलमध्ये काही टाइप करण्याच्या आधी अख्खा रकाना निवडून त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गेलेले शून्य परत येत नाहीत.

ई-इनव्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, मात्र सरकारी मांडणीच चालते. तिथे पिनकोड संख्या म्हणून जातो आणि राज्याचा कोड, म्हणजे महाराष्ट्राचा २७, मजकूर म्हणून. आमच्या मते पिनकोडही मजकूरच हवा होता. भारतातला कुठलाही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून निभावतं. हा फरक सॉफ्टवेअर सांभाळतं, तुम्हाला काही करायचं नाही.

रिकामा रकाना

हमालीचा रकाना रिकामा सोडला, तर हमाली शून्य होती की लिहायची राहिली? आम्हाला कळायला मार्ग नाही. शून्य असेल तर ० लिहा. आडवी रेघ ओढू नका, ती मजकूर धरली जाते.

तुमच्या हातात नसलेली चूक

‘यादी हवी होती, मजकूर मिळाला’ असा मेसेज आला तर एक्सेलशी झटू नका. समोरचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचे दोन मोबाइल नंबर असले की यादी पाठवतं आणि एकच असला की नुसता नंबर. पाठवणाऱ्याने एक नंबर असला तरी यादीच पाठवायला हवी. ती फाइल आमच्याकडे द्या. नेमकी कुठे काय चुकलं हे लिहून आम्ही त्यांच्या तांत्रिक माणसांशी बोलू. हे वार्षिक देखभालीतच येतं, वेगळे पैसे नाहीत.

एक चूक दुरुस्त केली की दुसरी, मग तिसरी, असा छळ होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण फाइल तपासून सगळ्या चुका एकाच अहवालात देतं. अपवाद एकच. फाइलची मांडणीच तुटली असेल, एखादा कंस बंदच झाला नसेल, तर त्यापुढचं काहीच भरवशाने वाचता येत नाही आणि तिथेच थांबावं लागतं. फाइल नाकारली गेली तर तिच्यातली एकही ओळ खात्यात जात नाही. त्यामुळे दुरुस्त फाइल बिनधास्त पुन्हा चढवा, नोंदी दुबार होणार नाहीत.

आम्हाला काय पाठवाल

मूळ फाइल, जशी आली तशी. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्य जातात, तारखा बदलतात आणि आम्हाला जे बघायचं असतं तेच पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा आणि मेसेज कॉपी करून पेस्ट करा. स्क्रीनच्या फोटोवरून बरेचदा काम भागत नाही, कारण दोष न दिसणाऱ्या अक्षरात असतो. वेबसाइटवरून उचललेल्या दरामागे एक खास प्रकारची मोकळी जागा चिकटून येते. डोळ्यांना ‘१२५०’ स्वच्छ दिसतं, पण प्रोग्रामला त्यात पाचवं अक्षर दिसतं. मेसेजमध्ये खाते क्रमांक आणि आधार यांचे शेवटचे चारच अंक छापले जातात, तेव्हा मेसेज पाठवायला हरकत नाही. फाइलमध्ये मात्र सगळे अंक असतात, म्हणून ती ग्रुपवर न टाकता थेट आमच्या नंबरावर पाठवा.