वर्णपटातली एक रेघ आणि वेणू बाप्पू

१९५० च्या आसपास भारतात ताऱ्यांच्या वर्णपटाचा बारकाईने अभ्यास करता येईल अशी मोठी, आधुनिक दुर्बीण नव्हती. ज्याला हे काम करायचं, त्याने परदेश गाठायचा. खगोलशास्त्रज्ञ मणाली कल्लट वेणू बाप्पू तिथे गेले, त्यांनी नाव कमावलं आणि १९५३ मध्ये ते परत आले. त्यांचं परत येणं मला त्यांच्या संशोधनाइतकंच मोलाचं वाटतं. पण आधी संशोधनाबद्दल.

बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा. वडील हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत काम करत, त्यामुळे दुर्बिणीशी ओळख लहानपणीच झाली. १९४९ मध्ये ते शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले आणि काही महिन्यांतच त्यांना आपणच घेतलेल्या एका फोटोप्लेटवर नवा धूमकेतू सापडला. त्याची खातरजमा करायला आणि कक्षा काढायला प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांची मदत झाली. म्हणून तो बाप्पू-बोक-न्यूकर्क धूमकेतू.

पीएच.डी. झाल्यावर ते कॅलिफोर्नियात पालोमारला गेले. जगातली तेव्हाची सर्वांत मोठी, ५ मीटर व्यासाची दुर्बीण तिथेच होती. ओलिन विल्सन यांच्याबरोबरचं त्यांचं गाजलेलं काम इथलं. एक इलेक्ट्रॉन गमावलेलं कॅल्शियम ३९३ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे वर्णपटात तिथे एक रुंद काळी रेघ उमटते, तिला के रेघ म्हणतात. सूर्यासारख्या किंवा त्याहून थंड ताऱ्यांमध्ये या काळ्या पट्ट्याच्या अगदी मधोमध एक बारीकशी उजळ कड दिसते. ती येते ताऱ्याच्या दृश्य पृष्ठभागावरच्या विरळ थरातून, म्हणजे क्रोमोस्फिअरमधून. विल्सन आणि बाप्पू यांनी कित्येक ताऱ्यांमधली ही कड मोजली आणि १९५७ मध्ये निष्कर्ष मांडला: तारा मुळात जितका तेजस्वी, तितकी कड रुंद.

कड किती उजळ आहे याने फरक पडत नाही. ताऱ्याच्या तापमानानेही जवळपास पडत नाही. मोजायची ती फक्त रुंदी, आणि हे नातं सुमारे १५ प्रतींच्या (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं एकक) पल्ल्यात टिकतं, म्हणजे ज्यांच्या तेजात दहा लाख पटींचा फरक आहे अशा ताऱ्यांमध्येही. खरं तेज एकदा कळलं, की तारा आपल्याला किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर काढता येतं. एका रेघेच्या रुंदीवरून ताऱ्याचं अंतर! विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून हे आज जगभर शिकवलं जातं.

भारतात परतल्यावर त्यांनी उत्तर प्रदेशच्या राज्य वेधशाळेची घडी बसवली. वाराणसीला सुरू झालेली ही वेधशाळा १९५५ मध्ये नैनितालला नेण्यात आली. १९६० मध्ये ते कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे संचालक झाले. सूर्यासाठी ती जागा उत्तम, पण बाप्पूंना रात्रीचं आकाश हवं होतं. शोधता शोधता तमिळनाडूच्या जावडी डोंगरांतलं कावलूर त्यांनी पक्कं केलं. विषुववृत्ताजवळ असल्याने तिथून दक्षिणेकडचं आकाशही बरंच दिसतं. सुरुवात ३८ सेंटिमीटरच्या, इथेच बनवलेल्या दुर्बिणीने झाली. १९७२ मध्ये १ मीटरची दुर्बीण आली. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा ग्रहाआड जाण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश मंदावल्याची नोंद या दुर्बिणीवरही झाली. युरेनसच्या कड्यांचा शोध लागला तो याच घटनेतून. शोधाचं मुख्य श्रेय अमेरिकेच्या विमानातल्या वेधशाळेला जातं, पण त्याच्या दहा वर्षं आधी हे निरीक्षण भारतातून करताच आलं नसतं.

मोठी दुर्बीण आयात न करता देशातच बनवायची, यावर बाप्पू ठाम होते. २.३४ मीटरचा आरसा बंगळुरूत घासून घडवला जात होता. १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, पण ती दुर्बीण उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५. जानेवारी १९८६ मध्ये दुर्बिणीचं लोकार्पण झालं आणि तिला, तसंच कावलूरच्या वेधशाळेलाही, त्यांचं नाव देण्यात आलं.