मेडिसिन बॉल: उचलू नका, फेका

फुटबॉलमध्ये थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूकडे नीट पाहा. नियम कडक आहे: चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून डोक्यावरून फेकायचा आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. नुसत्या हातांनी अशी फेक फार लांब जात नाही. तळपायातून निघालेला जोर मांड्या, खुबे, पोट, खांदे अशी वाट काढत बोटांपर्यंत पोचला, तरच चेंडू गोलच्या तोंडाशी पडतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमपासून कापणी झालेल्या शेतापर्यंत गोव्यात हे सगळीकडे दिसते. मेडिसिन बॉलचा व्यायाम म्हणजे हीच फेक, फक्त जड चेंडूने.

पण फेकायचे कशासाठी? डंबेल कितीही झटक्यात उचला, वर पोचताना ते थांबवावेच लागते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात स्नायू वेग वाढवण्याऐवजी ब्रेक लावत असतात. चेंडू मात्र हातातून सुटणारच असतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत वेग वाढवता येतो. याचे गणितही सोपे आहे. ३ किलोचा बॉल छातीशी धरून अर्ध्या बैठकीतून सरळ वर फेकला. हातात असताना तो १ मीटर वर आला आणि सुटल्यावर आणखी २ मीटर चढला. एकूण ३ मीटर चढण्याचे काम शरीराने त्या पहिल्या मीटरमध्येच उरकलेले असते. म्हणजे त्या क्षणी स्नायूंवर सरासरी भार पडतो तो ३ नव्हे, ९ किलोचा.

मग आणखी जड बॉल घ्यावा का? इथेच बहुतेकांची गफलत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून दाखवले, की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो. शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. ती सर्वांत जास्त मिळते ती कमाल जोराच्या साधारण एक तृतीयांश भारावर. बॉल इतका जड असेल की फेक मंदावते, तर तो बदला. नवशिक्याला २ ते ३ किलो पुरेत.

वेगाचा हा सराव मला खेळाडूंपेक्षा चाळिशी-पन्नाशीपुढच्यांसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. वयाबरोबर झटपट आखडणारे स्नायुतंतू आधी रोडावतात, त्यामुळे ताकदीपेक्षा शक्ती लवकर घटते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर पाय घसरला, तर सावरायला सेकंदाचा काही अंशच मिळतो. स्नायूला पूर्ण जोर लावायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा किती वजन उचलता येते यापेक्षा जोर किती चटकन लागतो, हे मोलाचे ठरते.

शिकताना आधी न फेकता हालचाल बसवा. बॉल धरून बैठक, मग खांद्यापासून विरुद्ध गुडघ्यापर्यंत तिरकी उतरण, सावकाश. त्यानंतर भिंतीवर छातीतून ढकलणे, वर फेकणे, डोक्यावरून जमिनीवर आपटणे. बाजूने फेकताना मात्र जपा. कमरेचे मणके मुळात फार थोडे वळतात. वळण खुब्यांतून आणि छातीच्या मणक्यांतून यायला हवे. त्यासाठी मागच्या पायाची टाच उचलून पाऊल वळू द्यावे. फेकण्याआधी किंचित खाली झुकून लगेच उसळी घ्या. ताणलेल्या कंडरांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांत) साठलेली ऊर्जा त्यामुळे वापरली जाते. खालीच रेंगाळलात तर ती उष्णता होऊन विरते.

आपटण्यासाठी वाळू भरलेला, न उसळणारा बॉल घ्या. रबरी बॉल सिमेंटवरून थेट तोंडावर येतो. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत ही भीती नाही, पण वाळू पायांचा जोर गिळते. वाळूत चालायला कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असे १९९८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मोजले होते. दम वाढवायला वाळू उत्तम, पण फेक शिकायला घट्ट जमीनच बरी.

एका वेळी पाच-सहा फेकी, मग दोन-तीन मिनिटे थांबा. अशा स्फोटक हालचालीला स्नायू क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे स्नायूतल्या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा साठा वापरतात. तो काही सेकंदांत उतरतो आणि भरून यायला काही मिनिटे घेतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून या विश्रांतीची गरज आणखी वाढते. १ लीटर घाम वाळला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तो नुसताच ठिबकला, तर जवळजवळ काहीच जात नाही. संध्याकाळी अंगावर घाम निथळत असेल, तर फेकी कमी करा आणि पंख्याखाली किंवा वाऱ्यावर बसा.

हर्निया, मणक्याची चकती सरकणे, हाडांची झीज किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपटणे आणि बाजूची फेक करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर खुर्चीत ताठ बसून १ किलोचा बॉल समोरच्याकडे छातीतून ढकलण्यापासून सुरुवात करता येईल.