पट्टीवर पाणी दुप्पट, म्हणजे विसर्ग दुप्पट?
गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेकाठी हा हिशेब हमखास ऐकू येतो: नदीची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर 2 मीटरचे 4 झाले, म्हणजे विसर्ग, अर्थात दर सेकंदाला वाहून जाणारे पाणी, दुप्पट. हा हिशेब चुकीचा आणि धोक्याचाही. खोलीबरोबर वेगही वाढतो. रुंद, सपाट पात्रात खोली दुप्पट झाली तर विसर्ग तिपटीवर जातो. शिवाय पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. म्हणून विसर्ग प्रत्यक्ष मोजावा लागतो. पात्राचे उभे भाग पाडायचे, प्रत्येकात वेगमापक पृष्ठभागापासून तिथल्या खोलीच्या 0.6 पट खाली धरायचा. पाणी खोल असेल तर 0.2 पट आणि 0.8 पट खोलीवर धरून सरासरी घ्यायची. वेग गुणिले रुंदी गुणिले खोली, मग बेरीज. अशा अनेक मोजण्यांतून पातळी-विसर्गाचा तक्ता बनतो. रेती उपसली किंवा पुराने तळ खरवडला की तोही चुकतो. मग पुन्हा मोजणी.