कॅनॉलचा रस्ता आणि नदीची पाणंद

निपाणी-बेळगावकडून सायकल घेऊन निघणारे बरेच जण मोबाईलच्या नकाशावर आधी निळी रेघ शोधतात. तिच्या कडेने मातकट पट्टा दिसला की बेत ठरला: डांबर नाही, गाड्या नाहीत, पाण्याकाठची कच्ची वाट. पण ती रेघ नदीची आहे की कालव्याची, हे बघूनच निघावं. दोन्हीकडे पाणी आहे, ऊस आहे, वरून पाहिलं तर माती सारखीच दिसते. चाकाखाली मात्र ती दोन वेगळी जगं आहेत. कालव्याचा रस्ता पाण्याच्या सोबत जातो, नदीची वाट पाण्यापर्यंत जाते.

मला हे वेदगंगेच्या काठी उमगलं. जत्राटच्या अंगाने एका पाणंदीला, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेला, लागलो होतो. दोन चाकोऱ्या, मध्ये हरळी, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, वाऱ्याने पाचट वाजतंय. अशी वाट संपूच नये असं वाटतं. ती संपली ती नदीचं पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या खोपटापाशी. तिथे एक मामा फ्यूज बदलत होते. मान वर करून म्हणाले, "फुडं वाट न्हाई पावणं, मोटारीपतोर जातीया नुसती." नदी समोर होती, पुढच्या गावाच्या देवळाचं शिखरही दिसत होतं, आणि मध्ये एक खोल ओढा.

मामांचं ते वाक्य या भागातल्या जवळजवळ सगळ्या नदीकाठांना लागू पडतं. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी, कुठेही जा. गावं पुराच्या भीतीने काठापासून जरा उंचावर वसलेली. गावातून माणूस नदीला येतो तो मोटार चालू करायला, म्हसरं धुवायला, गणपती बुडवायला, रक्षा सोडायला. त्या जाण्यायेण्याने वाटा पडल्या. काठाकाठाने मैलोन्‌मैल जाण्याचं कारण कुणालाच नव्हतं, म्हणून तशी वाट पडलीच नाही. शेतं थेट दरडीपर्यंत आलेली असतात आणि ती कुणाच्या तरी मालकीची असतात. त्यातून थोड्या थोड्या अंतरावर एखादा ओढा नदीला मिळतो, आणि त्याच्या तोंडाशी गुडघाभर गाळ. म्हणजे नदीची राइड आखायची तर एका पाणंदीने उतरायचं, परत वर यायचं, गावरस्त्याने पुढचं गाव गाठायचं आणि तिथली पाणंद धरायची. शिवाय नदी वळणं घेते. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारं गाव प्रत्यक्षात दुप्पट लांब पडतं.

कालव्याची गोष्ट उलटी. तो कुणीतरी आखून खोदलेला आहे, आणि खोदतानाच त्याच्या देखभालीचा रस्ता धरलेला आहे. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आणि तिथून निघणारा डावा कालवा १८९७ सालचा. हिडकलचं धरण त्याच्या वरच्या अंगाला, पण आलं कितीतरी नंतर. कालव्यातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, आपल्या वजनाने वाहतं, म्हणून कालवा टेकड्यांना वळसे घालत जवळपास एकाच उंचीवरून नेतात. उतार असतो तो इतका थोडा की पायांना कळतच नाही. खोदलेली माती खालच्या अंगाला टाकून, दाबून भराव करतात, त्यावर मुरूम पसरतात, आणि दारं उघडायला-मिटायला जाणाऱ्या माणसाची जीप त्यावरून जाते. हाच आपला रस्ता. कॅनॉलला चढ नाही, हे लोक सांगतात ते खरंच आहे.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. मुरमाचा रस्ता बहुधा एकाच काठावर असतो. समोरच्या काठावर बाभळी, घाणेरी आणि अरुंद बांध. चुकीच्या काठाला लागलात तर पुढचा पूल येईपर्यंत काटे झेलावे लागतात. जिथे कालवा ओढा ओलांडतो, तिथे पाणी जलसेतूवरून किंवा जमिनीखालच्या सायफनमधून जातं. रस्ता कधी त्याच्यासोबत जातो, कधी थेट ओढ्यात उतरतो. सायकल उचलायची वेळ येते ती तिथेच.

शिवाय कालवा सगळीकडे नाही. सिंचनाचे मोठे कालवे धरणाच्या खालच्या अंगाला असतात: हुक्केरी, गोकाक, रायबाग, चिकोडीकडे. खानापूरच्या बाजूला, कणकुंबीत उगम पावलेल्या मलप्रभेकाठी, भातखाचरं, तांबडी माती आणि झाडी आहे. तिथे कॅनॉल शोधत फिरू नका, तो भाग गाडीवाटांचा. तांबडी माती पाऊस गेला की चार दिवसांत सायकल चालवण्याजोगी होते. पूर्वेची काळी माती तशी नाही. ओली असली की ती चाकाला, ब्रेकला, चेनला असा लेप देते की पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं, मग काडीने उकरत बसा. म्हणून कृष्णा-दूधगंगेकाठच्या पाणंदी मी जून ते ऑक्टोबर सोडूनच देतो. कालव्याच्या मुरमावर त्याच दिवसांत, दोन सरींच्या मध्ये, बऱ्यापैकी जाता येतं.

वाहनमुक्त म्हणजे किती मुक्त? कॅनॉलवर मोटरसायकली असतात. शेतकऱ्यांना तो जवळचा रस्ता आहे, आणि तो त्यांचा हक्कही आहे. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीचे ट्रॅक्टर पाणंदीतही येतात आणि कॅनॉलवरही, मागे दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस. अशा वेळी बाजूला थांबावं. चढत्या पाणंदीत ट्रॅक्टर एकदा थांबला की भरलेला पुन्हा ओढणं त्या ड्रायव्हरला किती जड जातं, हे एकदा जवळून बघा.

धोक्याचं बोलायचं तर मला नदीपेक्षा कॅनॉलची भीती जास्त वाटते. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरक्या, गुळगुळीत, पाण्याच्या रेषेवर शेवाळ. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं, की ते शांत दिसतं, पण आत ओढ असते, आणि पडलेल्या माणसाला धरायला काहीच नसतं. पाय धुवायला उतरायचं तर पायऱ्या असतील तिथेच, आणि सोबत कुणीतरी असतानाच. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. नदीची भीती निराळी: पुरानंतर दरडी खालून पोखरलेल्या असतात आणि वरून ठणठणीत दिसतात. कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे पहाटे पाण्याच्या अगदी कडेला जाऊन बसू नये.

पंक्चरचं सांगायचं राहिलं. कॅनॉलच्या मुरमात सराटे असतात. पिवळ्या फुलांची जमिनीलगत पसरलेली वेल वाळली की तिची फळं फुटून पडतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे. टायरला लागलेला सराटा तिथेच उपटू नका, आधी सावली आणि बसायला जागा बघा, कारण तो काढला की हवा जाणार हे ठरलेलं. पाणंदीत बाभळीचा काटा असतो, बोटभर लांब आणि सरळ. अडतीस-चाळीस मिलिमीटरचं टायर आणि आत भोक बुजवणारं सीलंट असेल तर दोन्ही निभावतात.

या दोन वाटा एकाच राइडमध्ये सांधायच्या तर आपल्याकडे एक सुरेख सोय आहे, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर, सिदनाळ-अकोळ अशा जोडगावांमधल्या बंधाऱ्यांची नावं आपल्याला पुराच्या बातम्यांतून पाठ झालेली असतात. पावसाळा सरला की खांबांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पुढच्या पावसाआधी ते काढतात, आणि वरून माणसं पलीकडे जातात. जानेवारीच्या सकाळी मलिकवाडकडून दूधगंगेच्या बंधाऱ्यावर सायकल हातात धरून चालत गेलो, तेव्हा वरच्या अंगाला काठोकाठ हिरवं पाणी होतं आणि खाली बरग्यांच्या फटींतून सुटणाऱ्या बारीक धारा. पलीकडून एक आजी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होती. बंधारा अरुंद. मी सायकल कडेला टेकवून उभा राहिलो. जाताना तिने विचारलं, "कुठनं आलासा?" निपाणीवरनं म्हटल्यावर म्हणाली, "मग दत्तवाडात च्या पिऊन जावा, फुडली वाट चांगली हाय."