चित्रपटगृहातील आसनश्रेणी व तिकीटदर

एकपडदा चित्रपटगृहाच्या प्रेक्षागृहाचे मजल्यानुसार आणि पडद्यापासूनच्या अंतरानुसार विभाग पाडून प्रत्येक विभागाला वेगळा तिकीटदर लावण्याची पद्धत भारतात चित्रपटाच्या आगमनाबरोबरच रूढ झाली आणि बहुपडदा संकुले (मल्टिप्लेक्स) येईपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर वर्षे, टिकून राहिली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबईतील व उर्वरित महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ झाले, तेव्हा प्रवेशाचा दर सरसकट एक रुपया होता. रुपयाचे सोळा आणे असण्याच्या त्या काळात ही रक्कम सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. याच महिन्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलवण्यात आले आणि तेथे थोड्याच दिवसांत चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतची दरश्रेणी लागू झाली. पडदानशीन स्त्रिया व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव बॉक्स, म्हणजे इतरांपासून वेगळ्या केलेल्या छोट्या बैठका, असल्याचेही जाहीर करण्यात आले. श्रेणीनुसार दर आणि स्त्रियांसाठी वेगळी बैठक या दोन्ही गोष्टी अशा रीतीने पहिल्या काही आठवड्यांतच आल्या. त्यांचा उगम चित्रपटात नव्हता. नॉव्हेल्टी हे नाटकांचे थिएटर होते आणि तेथील आसनांची मांडणी चित्रपटाने आयती स्वीकारली.

नाटकगृहाकडून घेतलेली ही मांडणी चित्रपटाने पुढे मात्र उलटी केली. नाटकाला रंगमंचाजवळची जागा मानाची व महाग असते, कारण नटाचा चेहरा आणि गाण्यातली हरकत तिथूनच नीट कळते. पडद्याजवळ बसणाऱ्याला असा कोणताही लाभ मिळत नाही. त्याला मान वर करून पाहावे लागते, चित्र वेडेवाकडे दिसते, आणि मूकपटांच्या काळात चित्राची थरथर व डोळ्यांवर येणारा उजेड यांचाही त्रास पुढच्या रांगांनाच अधिक होई. त्यामुळे चित्रपटगृहात सर्वांत स्वस्त जागा पडद्यापुढे आणि सर्वांत महाग जागा मागे, प्रक्षेपण कक्षाच्या आसपास किंवा त्याच्या खालच्या बाल्कनीत, असा क्रम स्थिरावला. हा क्रम केवळ दृष्टीच्या सोयीतून आला असे मात्र म्हणता येत नाही. मागे व वर बसणाऱ्याला खालच्या गर्दीपासूनही अंतर मिळत असे आणि जास्तीच्या दरात त्याचीही किंमत धरलेली होती.

जुन्या नाटकगृहांचे चित्रपटगृहांत रूपांतर होताना या दोन मांडण्यांचा विसंवाद उघड झाला. मुंबईचे कॅपिटॉल हे मूळचे गेइटी हे नाटकांचे थिएटर. रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‌घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झाले आणि १९३० च्या दशकात ते मुख्यत्वे चित्रपटगृह झाले. तेथील दोन्ही बाजूंचे बॉक्स श्रीमंत व संस्थानी कुटुंबांसाठी होते. त्यांत बसणाऱ्याला बघता येण्याइतकेच महत्त्व इतरांना दिसण्याला होते. दिवे मालवून पाहायच्या खेळात दिसण्याची हौस फोल ठरते, आणि बाजूच्या कोनातून चित्र तिरपे दिसते ते वेगळेच. त्यामुळे खास चित्रपटासाठी बांधलेल्या १९३० च्या दशकातील थिएटरांत, म्हणजे रीगल (१९३३), मेट्रो व इरॉस (दोन्ही १९३८) यांत, बाजूच्या बॉक्सांऐवजी पडद्यासमोर असणाऱ्या रुंद बाल्कनीवर भर दिसतो.

श्रेणींची नावे थिएटरागणिक बदलत. जुन्या थिएटरांत पिट (पडद्यापुढच्या सर्वांत स्वस्त जागा) किंवा थर्ड क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, ड्रेस सर्कल (वरच्या दराचा एक विभाग), बाल्कनी आणि बॉक्स अशी नावे आढळतात, तर नंतरच्या थिएटरांत तळमजल्यावर लोअर स्टॉल व अप्पर स्टॉल आणि वर बाल्कनी अशी सुटसुटीत विभागणी दिसते. बसण्याचे साहित्यही दराप्रमाणे पायरीपायरीने बदले. सर्वांत पुढे बिनपाठीची लाकडी बाके, मग लोखंडी सांगाड्याच्या घडीच्या लाकडी खुर्च्या आणि वर रेक्झिनच्या गादीच्या खुर्च्या असत. ढेकूण मात्र बहुधा सर्व श्रेणींत सारखेच होते. अनेक थिएटरांत पिटाचा दरवाजा बाजूच्या गल्लीत उघडे, बाल्कनीचा जिना दर्शनी दालनातून जाई आणि मध्यंतरातसुद्धा दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांसमोर येत नसत. खालच्या श्रेणीला आसनक्रमांक नसल्यामुळे दार उघडताच धावत जाऊन खुर्चीवर रुमाल टाकणे हाच तेथील आरक्षणाचा मार्ग होता. एवढे असूनही थिएटरचा सूर ठरवणारा प्रेक्षक पिटातलाच होता. शिट्ट्या, टाळ्या आणि पडद्याकडे भिरकावलेली नाणी येत ती याच सर्वांत स्वस्त जागांवरून, आणि चित्रपट चालणार की पडणार याचा पहिला अंदाज थिएटरमालक तेथूनच घेत.

एकाच शहरातील थिएटरांमध्येही दराची उतरंड होती. फोर्ट भागातील वातानुकूलित थिएटरांत प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट लागत आणि तेथील प्रेक्षक व दर दोन्ही वरच्या पायरीवरचे होते. गिरगाव व ग्रँट रोड भागात, विशेषतः पिला हाउस (‘प्ले हाउस’चा अपभ्रंश) या जुन्या नाटकगृहांच्या वस्तीतील थिएटरांत, दर उतरत जात. लालबागचे भारतमाता हे गिरणगावातील कामगार कुटुंबांचे थिएटर असून मराठी चित्रपट आणि माफक दर यांसाठी ते ओळखले गेले. गावोगावच्या जत्रांत फिरणाऱ्या तंबूंमध्ये श्रेणी जवळपास दोनच होत्या, जमिनीवरची बैठक आणि मागे मांडलेल्या थोड्या खुर्च्या. स्त्रिया व पुरुष यांच्या बैठका तेथे दोर किंवा कनात लावून वेगळ्या केल्या जात. शहरांतील जनाना विभाग हळूहळू नाहीसे झाले, तरी तिकीट खिडकीपुढची बायकांची वेगळी रांग अनेक ठिकाणी पुढेही राहिली.

तिकीटदराच्या घडणीत करमणूक कराचा वाटा मोठा होता. मुंबई इलाख्यात त्यासाठीचा कायदा १९२३ मध्ये झाला. तिकिटाची निव्वळ किंमत आणि तिच्यावरील कर असे दोन भाग तेव्हापासून दरात असत आणि स्वातंत्र्यानंतर कराचा भाग वाढत गेला. दरवाढीतील मोठा हिस्सा करात जात असल्यामुळे थिएटरच्या देखभालीला पैसा उरत नाही, अशी मालकांची कायमची तक्रार होती. पुढे देखभालीसाठी सेवाशुल्क वेगळे आकारण्याची मुभा मिळाली. एखादा चित्रपट करमुक्त झाला की खिडकीवरचा दर त्याच दिवशी उतरत असे. मराठी चित्रपटांसाठी राज्य सरकारने १९७० च्या दशकात आणलेल्या करपरतावा योजनेचा मार्ग निराळा होता, कारण तीत प्रेक्षकाला सूट न देता वसूल झालेला कर निर्मात्याला पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर आण्यांतील दर नव्या पैशांत बसवताना काही काळ गोंधळ झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होत. दहा आण्यांचे मात्र साडेबासष्ट होत.

तिकिटे पातळ रंगीत कागदावर छापलेली, क्रमांकित पुस्तकांच्या रूपात असत आणि सहसा प्रत्येक श्रेणीचा रंग वेगळा असे. अंधुक उजेडातही डोअरकीपरला रंगावरून श्रेणी ओळखता येई. तो तिकीट अर्धे फाडून आपला तुकडा ठेवून घेई आणि बॅटरीच्या उजेडात जागा दाखवी. वरच्या श्रेणींचे ॲडव्हान्स बुकिंग काही दिवस आधी सुरू होई. बुकिंग क्लार्क समोरच्या छापील प्लॅनवर दिलेल्या जागांवर फुली मारत जाई. पिटाची खिडकी मात्र खेळाच्या थोडा वेळ आधीच उघडे आणि तिच्यासमोरच्या लोखंडी कठड्यांत खरी झुंबड उडे.

दर छापील आणि ठरलेला, मागणी मात्र चित्रपटागणिक कमीजास्त. या दोहोंमधील फरकावर काळा बाजार उभा राहिला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तेव्हा चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले आणि गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले, अशी आठवण निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांनी नोंदवली आहे. स्वस्त तिकिटावर नफ्याचे प्रमाण सर्वांत जास्त असल्यामुळे ब्लॅकवाल्यांचा डोळा आधी खालच्या श्रेणींवर असे. परिणामी ज्याच्यासाठी स्वस्त दर ठेवलेला होता त्यालाच अनेकदा तो मिळत नसे.

१९८० च्या दशकात व्हिडिओ आणि नंतर केबल दूरचित्रवाणी आल्यावर बाल्कनीतला कौटुंबिक प्रेक्षक घरी बसू लागला, त्यामुळे जास्त उत्पन्न देणाऱ्या जागा आधी रिकाम्या झाल्या. २००१ मध्ये महाराष्ट्राने बहुपडदा संकुलांना करमणूक करात काही वर्षांची सवलत दिली. या संकुलांत उतरत्या पायऱ्यांवर एकसारख्या खुर्च्या आल्या आणि दरातील फरक मुख्यतः वार, वेळ व चित्रपट यांवर ठरू लागला. जुने दर काही थिएटरांनी मात्र टिकवले. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात १९९५ पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा जो खेळ चालत राहिला, त्याची स्टॉल, ड्रेस सर्कल व बाल्कनीची तिकिटे दीर्घकाळ पंधरा ते वीस रुपयांच्या घरात होती. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला आणि शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कमी, तर त्यावरच्या तिकिटाला जास्त कर अशी विभागणी झाली. उरलेल्या एकपडदा थिएटरांची बहुतेक तिकिटे यातील पहिल्या गटात मोडत.