घरकामगार स्त्रिया (पुणे)

पगार घेऊन दुसऱ्यांच्या घरी केर-फरशी, धुणी-भांडी, स्वयंपाक किंवा मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया. पुण्यात त्यांतल्या पुष्कळजणी बाहेरगावच्या आहेत. 1972च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबे शहरात आली. पुरुष बांधकामावर किंवा हमालीला लागले, बायका आसपासच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला. ही वाट नंतरही वाहती राहिली.

काम बहुधा ओळखीने मिळते. वस्तीतली जुनी बाई नवीला आपल्या मालकिणीकडे घेऊन जाते आणि एका अर्थी तिची जामीनही राहते. पगार तासांवर ठरत नाही, ‘कामा’वर ठरतो: भांडी हे एक काम, कपडे दुसरे, केर-फरशी तिसरे. कामाचा दर घरातल्या माणसांवर आणि त्या सोसायटीत काय चालते त्यावर. पाहुणे आले की भांडी वाढतात, पगार बहुतेक ठिकाणी तोच. चार-पाच घरे धरली तर महिना भागतो. एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा वेळ मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. खरी पंचाईत खाड्याची. गावाकडे लग्न किंवा मयत निघाली की बाई नणंदेला, नाहीतर शाळकरी मुलीला बदली देते. बदली नसेल तर परत येईपर्यंत काम दुसरीने धरलेले असते. मुलींची शाळा बुडण्यामागे हेही एक कारण आहे, पण बोलले जाते ते गरिबीबद्दल.

1980मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्ट्यांसाठी संप केला. पुणे शहर मोलकरीण संघटना त्याच काळातली. कायदा यायला आणखी जवळपास तीन दशके लागली. 2008च्या अधिनियमाने राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. नोंदणीला रहिवासाचा पुरावा आणि मालकाचा दाखला लागतो. भाड्याच्या खोल्या बदलत राहणारीला पहिला अवघड आणि दुसरा त्याहून अवघड, कारण सही द्यायला बरीच घरे कचरतात. 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकामगारही येतात. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते.

मंडळ कल्याणाच्या योजना राबवते, पगार ठरवत नाही. शेजारच्या कर्नाटकाने 2004मध्येच घरकामाला किमान वेतन लागू केले.